तुकडी बंद, मास्तर अतिरिक्त: एमडी-११ विमानं आणि त्यांचे वैमानिक

सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये मी बरीच वर्षं कागद फिरवले. एअरवे बिल, कस्टमचे शिक्के, आणि रात्री अडीचला "पॅलेट लागलं का?" म्हणून पार्टीचा फोन. त्या काळात लुफ्तान्सा कार्गोचं एमडी-११ उभं असलं की लांबूनच ओळखू यायचं. दोन इंजिनं पंखांखाली आणि तिसरं थेट शेपटीत, जणू कुणी नंतर आठवण झाली म्हणून बसवलंय. लोडर मंडळी त्याला "तीन इंजिनवाला" म्हणायची. लुफ्तान्सानं आपलं शेवटचं एमडी-११ ऑक्टोबर २०२१ मध्ये सेवेतून काढलं आणि त्याजागी दोन इंजिनांची बोइंग ७७७ आली. माल तेवढाच, इंधन कमी. आमच्या दृष्टीनं फरक एवढाच, की पॅलेटची मापं आणि लोडिंगचा क्रम बदलला.

विमान चालवणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाही नव्हता. तो आला नोव्हेंबर २०२५ मध्ये, जेव्हा अमेरिकेत उरलेली सगळी एमडी-११ एका रात्रीत जमिनीवर आली.

त्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक घरगुती गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी संचमान्यता आली की घरात दोन आठवडे दुसरा विषय नसतो. पट किती भरला, पदं किती मंजूर, कोण अतिरिक्त, समायोजन कुठे. अतिरिक्त ठरलेला मास्तर वाईट शिकवतो म्हणून अतिरिक्त ठरत नाही. तुकडी गेली आणि ज्येष्ठता यादीत तो खाली होता, एवढाच त्याचा गुन्हा. अमेरिकन मालवाहू कंपन्यांमध्ये वैमानिकांची व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. तिकडचा शब्दसुद्धा 'एक्सेस', म्हणजे अतिरिक्तच.

काय घडलं

४ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी यूपीएस या पार्सल कंपनीचं एमडी-११ केंटकी राज्यातल्या लुईव्हिलहून होनोलुलूला निघालं. उड्डाणाच्या क्षणी डावं इंजिन त्याच्या खांबासकट पंखापासून सुटलं. विमान धावपट्टीच्या पुढच्या औद्योगिक वस्तीत कोसळलं. विमानातले तिघे वैमानिक आणि जमिनीवरचे डझनभर लोक गेले. विमान १९९१ सालचं, म्हणजे चौतीस वर्षांचं. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात इंजिनाचा खांब पंखाला धरून ठेवणाऱ्या मागच्या जोडाला धातूच्या थकव्याच्या चिरा पडल्याचं आलं. जुन्या लोकांना लगेच १९७९ चा शिकागोचा अपघात आठवला. एमडी-११ ज्याच्यावरून बेतलं त्या डीसी-१० चंही डावं इंजिन तेव्हा असंच सुटलं होतं.

तीन दिवसांनी बोइंगच्या सल्ल्यावरून कंपन्यांनी विमानं थांबवली आणि ८ नोव्हेंबरला अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं तातडीचा आदेश काढून त्यावर शिक्कामोर्तब केलं. यूपीएसच्या ताफ्यात एमडी-११ चा वाटा सुमारे ९ टक्के होता, फेडेक्सकडे सातशेच्या आसपास विमानांपैकी २८. तिसरी कंपनी फ्लोरिडातली छोटी वेस्टर्न ग्लोबल. जगात एमडी-११ नियमित उडवणारे मोठे म्हणावेत असे एवढेच उरले होते.

वेळ पाहा. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, म्हणजे अमेरिकन पार्सल धंद्याची दिवाळी. थँक्सगिव्हिंग ते नाताळ या चारेक आठवड्यांत या कंपन्यांकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते, आणि नेमकी तेव्हाच लांब पल्ल्याची मोठी विमानं बाहेर.

विमान काढलं म्हणजे किती माणसं?

बाहेरच्या माणसाला वाटतं, एका विमानाला दोन वैमानिक. गणित तसं नाही. विमान दिवसरात्र फिरतं, माणसाला झोप लागते, सुट्टी लागते, दर काही महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते, आणि पॅसिफिक ओलांडायचा तर एकाच फेरीला तीन-चार वैमानिक लागतात. यूपीएसकडे सुमारे ३,३०० वैमानिक आणि स्वतःची २९० च्या आसपास विमानं होती. भागाकार केला तर विमानामागे अकरा-बारा माणसं येतात. पंचवीसेक एमडी-११ काढली, तर ढोबळ हिशेबानं तीनशेच्या घरात वैमानिकांची खुर्ची नाहीशी होते. हा आकडा माझ्या कागदावरचा आहे, कंपनीचा नाही. पण केवढ्या आकाराची गोष्ट आहे ते त्यावरून कळतं.

खुर्ची नाहीशी होणं आणि नोकरी नाहीशी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळं प्रकरण त्या फटीतच आहे.

वैमानिकाच्या लायसन्सवर 'टाइप रेटिंग' असतं. एमडी-११ चं रेटिंग असलेला माणूस दुसऱ्या दिवशी ७६७ मध्ये बसून निघू शकत नाही. आधी वर्ग, मग कॉकपिटच्या प्रतिकृतीवर बटणांचा सराव, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, मग प्रत्यक्ष मालाच्या फेऱ्यांवर तपासणी कॅप्टनच्या शेजारी बसून उड्डाणं. त्यानंतरही अमेरिकन नियम सांगतो की पहिल्या १२० दिवसांत १०० तास नव्या विमानावर भरले पाहिजेत, नाहीतर मागे या. सगळं धरून काही महिने गेले. त्या काळात माणूस पगार घेतो, माल नेत नाही.

यादी आणि घसरगुंडी

आता यादीकडे. तुम्ही ज्या दिवशी कंपनीत लागलात त्या दिवशी तुम्हाला एक क्रमांक मिळतो. वरचा माणूस निवृत्त झाला की तुम्ही एक पायरी वर. ६५ व्या वर्षी उतरायचं. मधल्या काळात कुठलं विमान, कुठला बेस, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), या महिन्यात कुठल्या फेऱ्या, नाताळला घरी की अलास्कातल्या अँकरेजच्या हॉटेलात, हे सगळं तो क्रमांक ठरवतो. तुमचं कौशल्य, बॉसशी संबंध, मुलाखत, काही नाही. दुसऱ्या कंपनीत गेलात तर तिथे शेवटचा क्रमांक. तिकडचा पंचावन्न वर्षांचा कॅप्टन नोकरी सोडायचं सहसा मनावर घेत नाही ते यामुळेच. आपल्याकडे सेवाज्येष्ठता शून्य होते म्हणून कोण जिल्हा बदलून घ्यायला तयार होतं?

फेडेक्ससारख्या ठिकाणी एक ताफा कमी झाला की काय होतं ते एका काल्पनिक उदाहरणानं बघू. (नियम कंपनीकंपनीप्रमाणे बदलतात, ढाचा असा.) यादीत १,४०० वा असलेला एमडी-११ चा कॅप्टन अतिरिक्त ठरला. त्याच्या क्रमांकाला ७७७ ची कॅप्टनशिप परवडते, त्यानं ती मागितली. तिथे जागा मोकळी नाही, म्हणून ७७७ वरचा सगळ्यात कनिष्ठ कॅप्टन अतिरिक्त. तो ७६७ वर आला. ७६७ चा कनिष्ठ कॅप्टन ७५७ वर. ७५७ चा कनिष्ठ कॅप्टन, जो दोन वर्षांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत बसला होता, तो पुन्हा उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या खुर्चीत. त्यानं एका फर्स्ट ऑफिसरला हलवलं. एक खुर्ची गेली आणि पाच माणसं सिम्युलेटरच्या रांगेत लागली. ही घसरगुंडी खाली जिथे थांबते तिथला माणूस कोण? यादीतला शेवटचा. त्यानं कदाचित एमडी-११ आतून पाहिलंही नसेल.

विमान एका माणसाखालून जातं आणि झळ दुसऱ्याला बसते. बहिणीच्या तालुक्यात एका गावची तुकडी बंद पडली, तेव्हा गेली ती दुसऱ्याच गावातली, सगळ्यात उशिरा लागलेली शिक्षणसेविका.

वरच्या माणसाचंही सगळं आलबेल नसतं. एमडी-११ वर तो त्या ताफ्यातला ज्येष्ठ होता. चांगल्या फेऱ्या, शनिवार-रविवार घरी, सुट्टी हवी तेव्हा. ७७७ वर गेला की त्याच क्रमांकासकट तो तिथला कनिष्ठ. मग राखीव, म्हणजे फोन उशाला घेऊन झोप. पगाराच्या पावतीत हे दिसत नाही, घरात दिसतं. बेस बदलला तर आणखी वेगळं. घर एका राज्यात, बेस दुसऱ्या राज्यात, आणि ड्युटी सुरू होण्याआधीच दुसऱ्याच्या विमानात फालतू खुर्चीवर बसून अर्धा देश पार करायचा. आणि जो त्रेसष्ट वर्षांचा आहे, त्यानं दोन वर्षांसाठी पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन बसायचं का? बरेच जण त्या टप्प्यावर हिशेब मांडतात आणि घरी बसतात. कंपनीलाही ते नको असतं असं नाही.

एकच विमान, तीन पगारपत्रकं

मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं ते हे, की तिन्ही कंपन्यांकडून तेच विमान गेलं, पण वैमानिकांवर परिणाम तीन तऱ्हांचा झाला. कारण विमानात नव्हतं, करारात होतं.

यूपीएसमध्ये पगाराचा दर विमानावर ठरत नाही. कॅप्टन म्हणजे कॅप्टन, मग तो ७४७ चालवो की ७५७. हुद्दा आणि नोकरीची वर्षं, एवढंच. त्यामुळे एमडी-११ वरून ७६७ वर गेलेल्या कॅप्टनच्या खिशातून थेट काही जात नाही. फेऱ्यांचा प्रकार बदलतो, बेस बदलू शकतो, दर तोच. शिवाय यूपीएसमध्ये वैमानिक ७५७ आणि ७६७ दोन्ही एकाच ताफ्यासारखी चालवतात, म्हणजे नवं ७६७ आलं की त्याला सामावून घेणारी माणसं आधीच तयार असतात.

फेडेक्समध्ये दोन दर आहेत, रुंद विमानाचा आणि अरुंद विमानाचा. ७५७ अरुंद, एमडी-११, ७६७, ७७७, ए-३०० रुंद. गंमत अशी की सरकारच्या लेखी ७५७ आणि ७६७ चं टाइप रेटिंग एकच आहे. परवाना तोच, कॉकपिट जवळपास तेच, पगार वेगळा. त्यामुळे फेडेक्सच्या वैमानिकाला कुठलं विमान जातंय याची चिंता यूपीएसवाल्यापेक्षा जास्त. रुंद विमानं कमी झाली की वरचे खाली सरकतात आणि कमी दरावर येतात. अरुंद कमी झाली की खालच्यांचं कॅप्टन होण्याचं पहिलं दारच बंद होतं, कारण नव्या माणसाला पहिली डावी खुर्ची बहुधा ७५७ वरच मिळते. जून २०२४ मध्ये फेडेक्सनं २२ बोइंग ७५७ कायमची काढल्याचं जाहीर केलं. बातम्यांत ती ताळेबंदातली रक्कम म्हणून आली. उजव्या खुर्चीतल्या मंडळींनी ती स्वतःच्या बढतीची तारीख म्हणून वाचली असणार.

आणि वेस्टर्न ग्लोबल. छोटी कंपनी, एमडी-११ आणि काही ७४७. सरकवायला दुसरा ताफा कुठे आहे? एमडी-११ थांबली तशी तिनं एमडी-११ च्या वैमानिकांना काही दिवसांतच 'फर्लो' केलं. बिनपगारी घरी; नाव यादीत, काम आल्यास बोलावू. मोठ्या कंपनीत विमान गेलं तर समायोजन होतं. ज्या शाळेत एकच तुकडी, तिथे शाळाच बंद.

यूपीएसनं पाटी पुसली, फेडेक्सनं वाट पाहिली

जानेवारी २०२६ च्या शेवटी यूपीएसनं जाहीर केलं की एमडी-११ परत आणणार नाही. सगळा ताफा २०२५ च्या अखेरच्या तिमाहीतच हिशेबातून काढला, करानंतर सुमारे १४ कोटी डॉलरचा फटका. विमानं हळूहळू काढायचा बेत आधीपासून होता, अपघातानं तो पुढे ओढला. जागा भरायला नवी ७६७ बोइंगकडून ओळीनं येत आहेत. ही ७६७ ची शेवटची मालवाहू पिढी, बोइंग २०२७ मध्ये ती बनवणं बंद करणार आहे.

फेडेक्सचा सूर वेगळा होता. त्यांनी डिसेंबरमध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं की तपासणी-दुरुस्ती करून मे २०२६ अखेरच्या तिमाहीत विमानं परत उडवायचा विचार आहे. फेडेक्सनं आपली एमडी-११ २०२८ पर्यंत काढायचं आधी ठरवलं होतं आणि नंतर तीच मुदत २०३२ पर्यंत लांबवली होती. नवी विमानं घ्यायला पैसे नकोत, जुनी फुकटात उभी आहेत, तर वापरा. हिशेबाच्या वहीत हे शहाणपणाचं दिसतं. मला मात्र हा निर्णय वैमानिकांच्या बाजूनं फारसा सोपा वाटत नाही. मरतही नाही आणि उडतही नाही अशा ताफ्यावर माणूस लटकला, की ना त्याला नव्या विमानाचं प्रशिक्षण मिळतं, ना जुन्यावर तास भरतात. किमान हमीचा पगार येतो, पण या धंद्यात खरी कमाई हमीच्या वरच्या तासांची. सगळ्यात वाईट म्हणजे नाताळच्या गर्दीत शेजारच्या ताफ्यावरचे लोक जादा फेऱ्या मारून थकत होते आणि एमडी-११ वाले घरी बसून होते. कनिष्ठ एमडी-११ वाला आणि कनिष्ठ ७६७ वाला यांच्या त्या महिन्याच्या पावत्या शेजारी ठेवल्या असत्या तर दोघांनी एकाच कंपनीत काम केलं असं वाटलं नसतं.

पट घटतो तेव्हा

आता माझा मुद्दा. तुकडी बंद झाली म्हणून मास्तर जात नाही. मास्तर जातो तो पट घटल्यामुळे. तुकडी बंद होणं हा फक्त तो दिसण्याचा दिवस.

जुनी प्रकरणं बघितली की हे स्पष्ट होतं. फेडेक्सनं १९७८ पासून बोइंग ७२७ उडवली. त्यात तीन माणसं लागायची; तिसरा फ्लाइट इंजिनिअर, कॅप्टनच्या मागे आडवा बसलेला, डायलच्या भिंतीकडे तोंड करून. तेव्हा वैमानिकाची निवृत्ती ६० ला होती, पण इंजिनिअरच्या खुर्चीला तो नियम लागू नव्हता. त्यामुळे साठी झालेले कॅप्टन मागच्या खुर्चीत जाऊन आणखी काही वर्षं काढायचे. नव्या पोरासाठी तीच खुर्ची कंपनीत शिरण्याचं पहिलं दार होतं. एकाच खुर्चीत कंपनीचा सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात नवा माणूस! शेवटचं ७२७ जून २०१३ मध्ये उतरलं. डीसी-१० च्या बाबतीत तर विमान न बदलता माणूस कमी झाला. कॉकपिट नव्यानं बसवून त्याचं एमडी-१० केलं, दोघांनी चालेल असं. फायदा हा की एमडी-११ चंच रेटिंग दोन्हीला चाललं. तिसरी खुर्ची मात्र इतिहासजमा. शेवटचं एमडी-१० २०२२ च्या अखेरीस गेलं.

एवढ्या खुर्च्या गेल्या आणि तरीही फेडेक्सनं आजवर एकाही वैमानिकाला फर्लो केलेलं नाही. कारण त्या दशकांत माल वाढत होता. जिथे माल खरंच घटला, तिथे विमान काढलं नाही तरी कळ आली. २००८-०९ च्या मंदीत फेडेक्सनं कोणाला काढलं नाही, पण करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन सगळ्यांचे हमीचे तासच कमी केले. वैमानिकांच्या तोंडी ते अजून '४-ए-२-बी' म्हणूनच येतं, आपल्याकडे कामगार एखादं कलम शिवीसारखं उच्चारतात तसं. त्यात भर म्हणजे डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं होतं. वरचे पाच वर्षं हलणार नाहीत आणि खालून माल आटतोय, अशी दुहेरी कोंडी.

यूपीएसनं त्याच सुमारास, मे २००९ मध्ये, आपली सगळी डीसी-८ काढली. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीनं किमान ३०० वैमानिकांना फर्लो करणार असं सांगितलं. कंपनीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. शेवटी शंभरहून थोडे जास्त घरी गेले, पुढे त्यांना परत बोलावलं. डीसी-८ चांगल्या काळात गेली असती तर? तिचे वैमानिक ७६७ वर गेले असते आणि कुणाला बातमीही कळली नसती.

सगळ्यात उघडं उदाहरण पोस्टाचं. अमेरिकन पोस्ट हे फेडेक्सचं वीसेक वर्षांचं मोठं गिऱ्हाईक. दिवसा रिकामी राहणारी विमानं पोस्टाची पत्रं-पार्सलं नेत. तो करार २९ सप्टेंबर २०२४ ला संपला आणि काम यूपीएसकडे गेलं. त्याच्या वर्षभर आधीच, २०२३ च्या शरद ऋतूत, फेडेक्सनं आपल्या वैमानिकांना कळवलं होतं की सुमारे ७०० जण जास्त आहेत. काढतो असं म्हटलं नाही. त्याऐवजी सुचवलं की अमेरिकन एअरलाइन्सच्या पीएसए या छोट्या विमानांच्या उपकंपनीत जागा आहेत, मोठा बोनस आहे, हवं तर जा. भल्यामोठ्या मालवाहू जेटवरच्या माणसाला सांगायचं की साठ-सत्तर सीटच्या प्रवासी विमानावर खालच्या क्रमांकानं सुरुवात कर. आमच्या भाषेत याला सरळ "दुसरीकडे बघ" म्हणतात. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या वैमानिकांनी नवा करार ५७ टक्के मतांनी फेटाळला होता. कंपनीला माणसं जास्त झालेली असताना वाटाघाटीत कोणाचा हात वर असतो ते समजायला युनियनचा माणूस असावं लागत नाही.

यूपीएसकडे पोस्ट आलं खरं, पण जानेवारी २०२५ मध्ये तिनं स्वतःच जाहीर केलं की ॲमेझॉनचं काम २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून जास्त कमी करणार, नफा नाही म्हणून. म्हणजे एमडी-११ ची तुकडी बंद झाली तेव्हा पटही घटत होता, मुद्दाम घटवला जात होता. यूपीएसच्या वैमानिकानं विमानाच्या बातमीपेक्षा ही बातमी जपून ठेवावी, असं मला वाटतं. नवी ७६७ किती येतात यापेक्षा रात्री लुईव्हिलच्या मुख्य केंद्रातल्या पट्ट्यावरून पेट्या किती सरकतात, यावर त्याचा क्रमांक टिकेल.

इकडे असतं तर

आपल्याकडे चित्र वेगळं, आणि ते समजून घेतल्याशिवाय वरच्या गोष्टी इकडे लावू नयेत. नागपूरकरांना डेक्कन ३६० आठवत असेल. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये मिहानची हवा तापलेली असताना नागपूर हब धरून मालवाहू कंपनी काढली, ए-३१० विमानं आणली. दोनेक वर्षांत ती थांबली. त्या वैमानिकांच्या हातात ए-३१० चं रेटिंग होतं, आणि देशात ए-३१० बाळगणारी दुसरी कंपनी एअर इंडिया तीच विमानं काढत होती. परवाना आहे, चालवायला विमान नाही.

उलट ब्लू डार्ट. चेन्नईचा बेस, वर्षानुवर्षं ७५७ मालवाहू. भारतात ७५७ दुसरं कोणीच उडवत नाही. म्हणजे वैमानिकाला कंपनी सोडायची तर रेटिंगचा उपयोग शून्य, आणि कंपनीला माणूस हवा तर बाजारात तयार नाही. दोघंही एकमेकांना बांधलेले. अलीकडे कंपनीनं ७३७-८०० मालवाहू आणली. हा बदल ताफ्याच्या दृष्टीनं छोटा, वैमानिकाच्या दृष्टीनं मोठा, कारण ७३७ चा माणूस उद्या एअर इंडिया एक्सप्रेस, स्पाइसजेट, थोड्या प्रशिक्षणानं आकासाकडेही जाऊ शकतो. अमेरिकेत वैमानिकाचं संरक्षण यादीतला क्रमांक करतो. इकडे त्याचं संरक्षण करतं बाजारात चालणारं रेटिंग. मुलाला वैमानिक करायला निघालेल्या पालकांनी कंपनीचं नाव विचारण्याआधी विमान कोणतं ते विचारावं.

(आणि हो, २०१७ पासून आपल्याकडे कॅप्टनला नोकरी सोडायची तर बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. विमान काढताना कंपनीनं वैमानिकाला किती आधी सांगायचं, यावर मात्र इतकी कळकळ मला कुठे दिसली नाही.)

तोवर

एक तपशील राहिला. नियमाप्रमाणे वैमानिकाला ९० दिवसांत त्याच विमानावर तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग करावी लागतात, नाहीतर तो त्या विमानापुरता बाद. एमडी-११ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबलं. फेब्रुवारीत नव्वद दिवस भरले. विमान परत येईल या आशेवर ज्यांना तयार ठेवायचं, त्यांना सिम्युलेटरवरच ते तीन-तीन पुरे करावे लागतात. सिम्युलेटर नियमानं चालतो.

म्हणजे फेडेक्सचं मुख्य ठाणं असलेल्या मेम्फिसमधल्या एका वातानुकूलित हॉलमध्ये, पायांवर डोलणाऱ्या एका डब्यात दोन माणसं बसणार. एमडी-११ उतरवायला अवघड म्हणून बदनाम. शेपटी छोटी, वेग जास्त, नाक जरा जरी चुकीच्या वेळी दाबलं तर उसळी घेतं. ती दोघं ते तीनदा नीट उतरवणार, प्रशिक्षक सही करणार, आणि खाली उतरून पार्किंगमध्ये जाताना एकजण दुसऱ्याला विचारणार, "तुझा नंबर काय रे?"